जुने गोवे ते दोनापावला : नदीकाठच्या रस्त्याने चार दिवस

नोकरीच्या एकतीस वर्षांत मी फोंड्याहून पणजीला किती वेळा गेलो असेन, याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. रोज सकाळी बस बाणस्तारीचा पूल ओलांडून जुन्या गोव्याला येई, रायबंदरच्या अरुंद रस्त्याने वाट काढत पणजीच्या बसस्थानकावर टेके आणि या साऱ्या वाटेत मी बहुधा झोपलेला असे. निवृत्तीनंतर एकदा सहज नकाशा पाहत असताना लक्षात आले की जुन्या गोव्यापासून दोनापावलापर्यंतचा हा रस्ता, मधल्या पणजी शहरातील गल्ल्या वगळल्या तर, मांडवीचा हात फारसा सोडतच नाही. शाळेत आम्हांला ‘राजधानी जुन्या गोव्याहून पणजीला हलली’ असे एका वाक्यात शिकवले होते. प्रत्यक्षात ती याच रस्त्याने, नदीच्या प्रवाहाबरोबर, जवळजवळ दीडशे वर्षे रेंगाळत खाली आली. तिच्या मागून आपणही एकदा पायी जावे, असे मनात आले. मुक्कामाची अडचण नव्हती, कारण धाकटी मावशी पणजीत मळ्यावर राहते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या मावशीने बेत ऐकून घेतला आणि एवढेच म्हणाली, “चालतोस तर चाल, पण शेवटच्या दिवशी येताना ताळगावची वांगी घेऊन ये.”

पहिला दिवस, ४ डिसेंबर : जुने गोवे, रायबंदर, पाटो

सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त आदल्याच दिवशी झाले होते. शवप्रदर्शनाचे वर्ष नसल्यामुळे गर्दी आटोक्यात होती आणि सकाळी साडेसातला मी उतरलो तेव्हा बाँ जेझूस चर्चच्या समोरचे मांडव निम्मे उतरवून झाले होते. खाजेवाल्या बाईने मात्र दुकान अजून मोडले नव्हते. बेसनाच्या कांड्या तळून गुळाच्या पाकात घोळवायच्या, वर आल्याचा आणि तिळाचा हात द्यायचा, एवढाच हा पदार्थ. पण पाक नेमका कधी उतरवायचा यात त्याची सारी परीक्षा असते. बाईकडचे खाजे वरून पांढुरके झाले होते, दाताखाली खटकन तुटत होते आणि मग जिभेवर आल्याची झळ लागत होती. पाव किलो बांधून घेतले आणि ते दुपारपर्यंत संपले.

रस्त्याचा आरंभ मी व्हाइसरॉयच्या कमानीपासून धरला. वास्को द गामाचा पणतू फ्रांसिस्कु द गामा व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही कमान उभी राहिली. लिस्बनहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय गलबतातून धक्क्यावर उतरून याच कमानीखालून शहरात शिरत असे. आज तिच्याखालून दिवाडीच्या फेरीबोटीकडे जाणाऱ्या स्कूटर शिरतात. ज्या शहराचे हे प्रवेशद्वार होते ते शहर मात्र मागे उरलेले नाही; चर्चेस आहेत, झाडी आहे, आणि त्यांच्यामध्ये जी घरे, पेठा व रस्ते होते तेथे आता गवत आहे. सततच्या साथींनी लोक मेले, उरलेले निघून गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस खुद्द व्हाइसरॉयनेच शहराबाहेर पणेलीला मुक्काम हलवला, १७५९ साली तो पणजीला आला आणि १८४३ साली पणजीला राजधानीचा दर्जा कागदोपत्री मिळाला. मी आज ज्या अंतरासाठी एक सकाळ राखून ठेवली होती ते चालायला सरकारला एवढा काळ लागला.

हमरस्ता आता कदंब पठारावरून जातो, त्यामुळे रायबंदरच्या वाटेवरची जड वाहने कमी झाली आहेत. रस्ता आहे तेवढाच आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला टेकडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे अशी काही खेटून उभी आहेत की बसच्या खिडकीतून हात काढला तर कोणाच्या तरी सज्जातल्या कुंडीला लागावा. रायबंदर म्हणजे रायाचे बंदर, असे येथले लोक सांगतात. जुन्या गोव्यातून बाहेर पडलेली पुष्कळ कुटुंबे पणजीपर्यंत न जाता येथेच थांबली, आणि त्यांच्या घरांच्या रुंद जिन्यांवरून, शिंपल्यांच्या तावदानांवरून ते अजून कळते. धक्क्यावर चोडणची फेरीबोट लागली होती. पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी दिसत होती. बोटीतून उतरलेल्या एका मासळीवाल्या बाईने माझ्या पाठीवरची पिशवी पाहून मला ‘पर्यटक’ ठरवले आणि पक्षी पाहायला कोठे जायचे ते आपणहून सांगितले.

रायबंदर संपताच जो सरळसोट रस्ता लागतो तो वास्तविक रस्ता नसून पूल आहे, ही गोष्ट बसमधून जाणाऱ्याला सहसा उमगत नाही. काउंट लिन्यारिश हा व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ च्या सुमारास, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीच्या, दलदलीवर चिऱ्यांचा हा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बांधपूल घातला गेला. तेव्हा राजधानी अजून जुन्या गोव्यातच होती. म्हणजे शहराने हलायचे ठरवण्याच्या कितीतरी आधी त्याच्या पळवाटेची सोय होऊन गेली होती! कडेच्या कठड्यावरून वाकून पाहिले तर खाली कमानी दिसतात आणि त्यांतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करते. एके ठिकाणी मी बराच वेळ थांबलो. ओहोटी लागली होती. खाजनाच्या बांधातील मानशीचे लाकडी दार आतल्या पाण्याच्या रेट्याने हळूहळू बाहेर उघडत होते आणि त्या फटीतून निघणाऱ्या पाण्यात एक बगळा मान वाकडी करून उभा होता. भरती आली की नदीचेच पाणी हे दार दाबून बंद करते. खारे पाणी शेतात शिरत नाही. ना चावी, ना पहारेकरी. शेकडो वर्षे गोव्याची खाजने या एका दारावर जगली. माझ्या पाठीमागून जाणाऱ्या वाहनांना अर्थातच यातले काही दिसत नव्हते, आणि पायी चालणारा कोणी येथे असू शकतो हे त्यांना मान्य नसावे, असे त्यांच्या हॉर्नवरून वाटले.

अकराच्या सुमारास पाटोला पोहोचलो. डोक्यावरून तीन पूल जातात. जुना नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला तेव्हा मी पणजीत नोकरीला होतो. त्यानंतर कितीतरी दिवस म्हापशाकडचे सहकारी फेरीबोटीच्या रांगेत भिजून कचेरीत येत आणि त्यांच्या छत्र्या सुकत ठेवल्यामुळे आमच्या कारकुनांच्या खोलीला गोदीची कळा येई. त्याच्या जागी दुसरे पूल आले आणि २०१९ साली दोरखंडांवर तोललेला अटल सेतूही आला. त्याच्या सावलीत कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली स्थापन झालेले हे देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तेथे अर्धा तास पंख्याखाली बसून मी पाय मोकळे केले आणि उरें खाडीच्या कडेने मळ्यावर मावशीकडे गेलो.

दुसरा दिवस, ५ डिसेंबर : मळा, फोंताइनस, ३१ जानेवारी मार्ग

पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों-पों ऐकू आला आणि मावशीने पिशवी घेऊन मला खाली पिटाळले. पोळ्या, उंडे आणि कात्रे पाव. पोळी अजून गरम होती, तिच्यावरचा कोंडा बोटांना लागत होता. मावशी पोळी हातात घेऊन तोलते आणि रोज तेच म्हणते की ती पूर्वीपेक्षा लहान झाली आहे.

मळा हा पणजीचा सखल भाग. आल्तिनोच्या टेकडीवरून उतरणारे पाणी येथे जमते आणि पावसाळ्यात खाडीला भरती असली की ते बाहेर पडू शकत नाही, म्हणून मावशीच्या घरातील खालची फळी वर्षानुवर्षे रिकामीच ठेवलेली असते. टेकडीच्या उतारावर मारुतीचे भगवे देऊळ आहे. त्याची जत्रा फेब्रुवारीच्या सुमारास भरते आणि तेव्हा मळ्याचा रस्ता खेळण्यांच्या, भांड्यांच्या व मिठाईच्या दुकानांनी भरून जातो. देवळाच्या पायऱ्यांवरून खाली पाहिले की मंगळुरी कौलांची छपरे एकमेकांवर रेललेली दिसतात, तेच फोंताइनस.

हा वाडा मुळात माडांचे भाट, म्हणजे बागायत, होता. मोझांबिकमध्ये पैसा करून आलेल्या आन्तोनियु जुआंव द सेकैर नावाच्या गोवेकराचे ते होते, आणि मोझांबिकहून आला म्हणून लोक त्याला मोसमीकार म्हणत. पुढे सरकार पणजीला आले तशी कारकून, लष्करी अंमलदार, नोकरदार यांची घरे या भाटात उठली. म्हणजे हा सरकारी नोकरांचा वाडा. मला त्याच्याविषयी जिव्हाळा वाटण्याचे हे एक कारण असेल. घरे निळी, पिवळी, गेरूची. पावसाळा संपला की घर रंगवायचे असा पोर्तुगीज अमदानीत दंडक होता आणि निव्वळ पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे, असे सांगतात. सकाळी आठ वाजताच एका पिवळ्या घरासमोर तीन मुली आळीपाळीने उभ्या राहून छायाचित्रे काढत होत्या. वरच्या खिडकीतल्या वृद्ध बाईंनी आधी खिडकी लावली, मग थोड्या वेळाने पुन्हा उघडून ‘हे घर आहे’ असे स्वच्छ इंग्रजीत सांगितले. ‘छायाचित्रे काढू नयेत’ अशा पाट्या या गल्लीत दोन-तीन दारांवर तरी लागलेल्या आहेत. त्या पाट्यांचेही लोक छायाचित्र काढतात.

सेंट सेबास्टियनच्या छोट्या चॅपेलमध्ये एक क्रूस आहे. तो मूळचा जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि तेथून १९१८ साली या चॅपेलमध्ये. क्रूसावरील ख्रिस्ताचे डोळे बहुधा मिटलेले असतात. याचे टक्क उघडे आहेत. इन्क्विझिशनच्या कचेरीत आरोपीला ज्या मूर्तीसमोर उभे करत तिचे डोळे उघडे असणार, यात नवल नाही. घर बदलताना माणसे भांडीकुंडी नेतात, तसे या राजधानीने जुन्या गोव्यातून काय काय उचलून आणले याची यादीच करावी असे येथे मनात आले, आणि पुढच्या दोन दिवसांत ती वाढतच गेली.

या वाड्याच्या पोटातून जो रस्ता जातो त्याचे नाव ३१ जानेवारी मार्ग. भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशीवर ते पोर्तुगीजमध्ये लिहिलेले आहे. ही तारीख कसली, हे मी तेथे राहणाऱ्या तिघांना विचारले. एकाने पोर्तुगालला स्पेनपासून स्वातंत्र्य मिळाले तो दिवस असे सांगितले. ते चूक आहे. तो दिवस १ डिसेंबर, १६४० सालचा. ३१ जानेवारी १८९१ रोजी पोर्तुगालमधील पोर्तु शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांनी उठाव केला आणि तो त्याच दिवशी मोडून काढण्यात आला. फसलेल्या उठावाचे नाव रस्त्याला मिळाले ते १९१० साली प्रजासत्ताक खरोखरच आले म्हणून. परक्या देशातल्या परक्या शहराची ही भानगड, आपला तिच्याशी काय संबंध, असे वाटते खरे. पण त्याच १९१० नंतर गोव्यातील हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले, सरकारी नोकऱ्यांची दारे उघडली, शाळा-संस्था उघडपणे काढता आल्या. आमच्या फोंड्यातले आल्मेदा विद्यालय १९११ चे. त्याला नाव दिले गेले ते आन्तोनियु जुझे द आल्मैद या पोर्तुगीज प्रजासत्ताकवादी पुढाऱ्याचे, जे नव्या सरकारात मंत्री होते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. मी त्या शाळेत शिकलो, तिचे नाव शेकडो अर्जांवर लिहिले, आणि हा आल्मेदा कोण असा प्रश्न मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, एका गल्लीतली फरशी वाचताना पडला.

दुपारी सांतोमे वाड्यातून, जुन्या टपाल कचेरीवरून फिरलो. तिची इमारत एके काळी तंबाखूचे व्यापारगृह होती. समोरच्या चौकात पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंतोंच्या बंडातील माणसांना फाशी दिले, असे जुने लोक सांगतात. तेथे आता दुचाक्या लावतात.

तिसरा दिवस, ६ डिसेंबर : चर्च चौक, १८ जून मार्ग, सचिवालय

पणजीच्या चर्चचे फेस्त ८ डिसेंबरला असते, म्हणून चौकात मांडवांचे बांबू येऊन पडले होते आणि चर्चच्या नागमोडी जिन्यावर एक माणूस दिव्यांच्या माळा सोडत होता. १५४१ साली येथे लहानसे चॅपेल होते, खलाशी समुद्रावरून आले की आधी येथे येत. आजची बांधणी १६१९ ची. वरची घंटा मात्र जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची आहे. तो मठ ओस पडल्यावर ती आग्वादच्या दीपस्तंभावर गेली आणि १८७१ साली येथे चढवली गेली. यादीत दुसरी नोंद. तिसरी नोंद तासाभराने आझाद मैदानात सापडली : मधल्या मंडपाचे खांब जुन्या गोव्यातील एका पडक्या चर्चचे आहेत. त्या मंडपात पूर्वी आफोंस द आल्बुकेर्कचा पुतळा होता. आता हे मैदान ज्यांना गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणतात त्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांचे आणि हुतात्म्यांचे स्मरण राखते. खांबांना कोणी काही विचारलेले नाही.

चर्चच्या चौकाजवळून सांतिनेजच्या दिशेने १८ जून मार्ग निघतो. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडून भाषण सुरू केले आणि त्यांना तेथेच अटक झाली. डॉ. जुलियांव मिनेझिस त्यांच्याबरोबर होते. ३१ जानेवारी आणि १८ जून या दोन तारखांमधले पणजीतील अंतर चालत पाच-सात मिनिटांचे आहे आणि दोन्ही दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे फसले असेच वाटले असणार. एकीला एकोणीस वर्षे थांबावे लागले, दुसरीला पंधरा.

रस्ता मात्र आज निव्वळ बाजार आहे. काजूची दुकाने, कपड्यांची दुकाने, औषधांची दुकाने, त्यांच्यावर वकिलांच्या आणि दंतवैद्यांच्या पाट्या. एकेरी वाहतूक असल्यामुळे मोटारी एकाच बाजूने, तुंबलेल्या नाल्यासारख्या सरकतात. पदपथावर एके ठिकाणी फरश्या उचकटून खड्डा केला होता आणि त्यावर टाकलेली फळी एका टोकाला अधांतरी होती. मी नेमका त्याच टोकावर पाय ठेवला. घोटा मुरगळला नाही, पण चपलेचा अंगठा तुटला. खड्डा कोणी केला, हे विचारल्यावर शेजारच्या दुकानदाराने हात जोडले. सुदैवाने पुढच्या कोपऱ्यावर चांभार बसला होता. त्याने वीस रुपयांत दोन टाके घातले आणि ‘या खड्ड्याचे आज तिसरे गिऱ्हाईक’ अशी नोंदही दिली.

मग थोडे वळून दादा वैद्य मार्गाला गेलो. महालक्ष्मीचे देऊळ याच रस्त्यावर आहे. दादा वैद्य, म्हणजे रामचंद्र पांडुरंग वैद्य, हे फोंड्याचे. आल्मेदा विद्यालय काढणाऱ्यांमध्ये ते पुढे होते. पणजीत त्याआधी १९०८ साली मुष्टिफंड संस्था निघाली होती, ती घरोघरी मूठ-मूठ तांदूळ गोळा करून. मावशीच्या सासूबाई ही मूठ देत असत. स्वयंपाकाचे तांदूळ मापून झाले की त्यातली एक मूठ परत काढून वेगळ्या मडक्यात टाकायची. शाळेची मूठ. मावशी तिला अजून असेच म्हणते.

दुपारी एका जुन्या भोजनालयात पातळ भाजी, पाव आणि एक मिरची भजे खाल्ले आणि नदीवर आलो. येथे दयानंद बांदोडकर मार्ग सुरू होतो. आरंभीच जुने सचिवालय आहे. विजापूरच्या आदिलशहाचा हा वाडा १५१० साली पोर्तुगिजांनी घेतला, १७५९ पासून त्यात व्हाइसरॉय राहिले, मुक्तीनंतर त्यात सचिवालय आले आणि २००० साली विधानसभा पर्वरीला जाईपर्यंत गोव्याचे कायदे येथे झाले. पणजीत आदिलशहापासून गोव्याच्या पहिल्या मंत्रिमंडळापर्यंत सर्वांना एकच जागा आवडली याचे कारण दारात उभे राहिले की कळते : समोरून नदीत येणारे-जाणारे प्रत्येक जहाज दिसते. पलीकडे बेती. १९ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास शीख लाइट इन्फंट्रीच्या दोन तुकड्या तेथूनच नदी ओलांडून पणजीत उतरल्या. तेव्हा एकवीस वर्षांची, नवी लग्न होऊन आलेली मावशी दाराच्या फटीतून पाहत होती. तिला आधी पगड्या दिसल्या. तिच्या सासऱ्यांनी दार उघडले, आणि एका जवानाने हिंदीत पाणी मागितले. घरात हिंदी कोणाला येत नव्हते; मावशीला ‘पाणी’ एवढेच कळले आणि तेवढे पुरले.

सचिवालयाच्या बाजूला आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा एक आद्य अभ्यासक म्हणून गाजला. १९४५ साली उभारलेल्या या पुतळ्यात त्यांचे दोन्ही हात एका कोसळणाऱ्या स्त्रीवर रोखलेले आहेत. त्यांची गोष्ट गोव्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते : लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले असता शब्द फुटेना, तेव्हा खाली बसलेले वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’. समोर बसलेले सारे बडे लोक म्हणजे भाजीपाला, चिरत जा. मुलाचा घसा मोकळा झाला म्हणतात. वरिष्ठांच्या बैठकीत बोलायची वेळ आली की मी हे वाक्य मनात म्हणत असे, त्याचा उपयोग कधी कधी होई.

अंधार पडला आणि नदीतल्या कॅसिनोच्या बोटींवर दिवे लागले. नदीचा एवढा तुकडा आता त्यांचाच झाला आहे. पलीकडचा काठ शोधायला डोळ्यांवर हात धरावा लागतो. मी पाठ फिरवून मळ्यावर परतलो.

चौथा दिवस, ७ डिसेंबर : कांपाल, मिरामार, करंझाळे, दोनापावला

सकाळी पुन्हा बांदोडकर मार्ग धरला. या रस्त्याची एक गोष्ट मला आवडते. २० डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री झालेल्या भाऊसाहेब बांदोडकरांनी ज्या सचिवालयातून राज्य केले त्याच्यापाशी रस्ता सुरू होतो आणि पुढे मिरामारच्या वाळूवर त्यांच्या समाधीला जाऊन भेटतो. मधल्या तीन किलोमीटरांत मोठमोठे पर्जन्यवृक्ष रस्त्यावर छत धरतात. आधी मिनेझिस ब्रागांझा संस्था, जिच्या प्रवेशदालनातील निळ्या फरश्यांवर वास्को द गामाच्या सफरीचे पोर्तुगीज महाकाव्य चितारलेले आहे. मग जुने गोवा मेडिकल कॉलेज : १८४२ ची वैद्यकशाळा येथे भरत असे. इस्पितळ बांबोळीला गेल्यावर इमारतीत चित्रपटाचा संसार आला. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव येथे भरतो आणि त्याचे फलक उतरवण्याचे काम त्या दिवशीही चालूच होते.

कला अकादमीपाशी मी नेहमीप्रमाणे रेंगाळलो. चार्ल्स कुरैय्या यांनी रेखलेली ही वास्तू १९८३ मध्ये पूर्ण झाली. तिला दार असे नाही. रस्त्यावरून सावलीत शिरावे आणि चालत चालत नदीकाठी निघावे, अशी ती मोकळी आहे. आतल्या नाट्यगृहाला आमच्या शेजारच्या मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. मराठी नाट्यस्पर्धेच्या दिवसांत आम्ही फोंड्याहून टेम्पो करून येत असू. तिसऱ्या अंकात प्रेक्षक घड्याळाकडे पाहू लागत ते नाटक वाईट म्हणून नव्हे, शेवटची बस चुकेल म्हणून. आमचे एक नाटक शेवटच्या बसमुळेच पडले, असे आमचा दिग्दर्शक अजून सांगतो.

मिरामारला समाधीसमोर दोन शाळकरी मुले सावलीत वह्या उघडून बसली होती. भाऊसाहेबांनी गोव्याच्या खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. माझी थोरली बहीण अशाच एका शाळेत शिक्षिका झाली. त्यांना हवे असलेले महाराष्ट्रातले विलीनीकरण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने नाकारले आणि त्यानंतर काही महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले. लोकांना काय हवे आणि कोण हवा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे गोवेकराने तेव्हा एका वर्षात दोनदा सांगितले. आमच्या घरात त्या कौलावरून वडील आणि धाकटे काका वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. आज दोघेही नाहीत, आणि मला त्यांपैकी कोणाची बाजू घ्यावीशी वाटत नाही.

मिरामारहून रस्ता नदी सोडून समुद्राला लागतो. करंझाळ्याला रापण ओढणे चालू होते. दोन रांगांत पंधरा-वीस माणसे, कमरेला दोरी अडकवून, टाचा वाळूत रोवून मागे मागे सरकत होती. शेवटचा माणूस मागे पोहोचला की दोर सोडून पळत पाण्याकडे जाई आणि पुन्हा पहिल्या जागी लागे. जाळ्याचा पोटवळा काठाला आला तेव्हा त्यात निम्मे प्लास्टिक होते. उरलेल्यात तारले, थोडे बांगडे आणि एक खेकडा, जो सगळ्यांच्या पायांतून पळून गेला. टोपल्या घेऊन आलेल्या बायकांनी एका नजरेत भाव ठरवला. वाळूच्या मागे माडांपेक्षा उंच इमारती उभ्या आहेत. ताळगावच्या शेतांकडे जाणारी वाट त्यांच्यामधून शोधावी लागते. त्या वाटेच्या तोंडाशी एक म्हातारी गोणपाटावर लाल भाजी, मुळे आणि वांगी घेऊन बसली होती. “ताळगावची?” मी विचारले. “आणि कुठली?” ती म्हणाली. एक किलो घेतली.

दोनापावलाचा चढ चढायला मला वेळ लागला. डाव्या हाताला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १ जानेवारी १९६६ ला स्थापन झालेली. पुढे धक्का. दोना पावला नावाच्या पोर्तुगीज बाईची प्रेमकथा येथे पाटीपाटीवर विकली जाते. ती कड्यावरून उडी मारून मेली म्हणावे तर काबोच्या राजभवनातील चॅपेलमध्ये तिची समाधिशिला दाखवतात. टोकावरून एका बाजूला जुवारी आणि पलीकडे मुरगाव बंदर, दुसऱ्या बाजूला मांडवीचे मुख आणि आग्वाद. जुन्या गोव्याच्या कमानीखालून निघालेली प्रत्येक बोट या टोकाला वळसा घालूनच लिस्बनला गेली असणार. पुढे रस्ता नाही. ऊसाचा रस प्यालो, तुटक्या चपलेचे टाके तपासले आणि बसमध्ये बसलो. कंडक्टर ‘पणजी, पणजी, पणजी’ करत होता. सकाळभर चाललेले अंतर वीस मिनिटांत उलटे गेले आणि मी झोपलो नाही.

मावशीने पिशवीतून एक वांगे काढले, देठाशी अंगठ्याने दाबून पाहिले, उजेडात धरले आणि खाली ठेवले.

“ही ताळगावची न्हय रे,” ती म्हणाली. “ताळगावची अजून यायची आहेत. जानेवारीत येतील. तेव्हा परत जा.”